डोंगरावरचा ऊस

भावना फर्डेला राग आला की आधी तिचं नाक लाल होतं, मग आवाज चढतो, आणि मग तोंडाला येईल ते बाहेर पडतं. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या त्या कॉलेजात सेकंड इयरच्या पोरांना हा क्रम तोंडपाठ होता. त्यामुळे त्या सोमवारी मॅडम प्रकल्पांचा गठ्ठा काखेत मारून वर्गात शिरल्या आणि हजेरीसुद्धा घेतली नाही, तेव्हा मागच्या बाकावरच्या प्रज्वल भोईरने शेजाऱ्याला कोपर मारलं. "नाक बघ रे. आज आपली काय धडगत नाय."

भावनाने गठ्ठा टेबलावर आपटला.

"मीना आगिवले, उभी राहा. तुझी वाडी कुठे आहे?"

खिडकीजवळची बारीक चणीची मुलगी उभी राहिली. "डोंगरावर मॅडम. रस्ता संपतो, त्याच्या वर."

"आणि तिथे ऊस होतो?"

"ऊस?"

"ऊस, ऊस! वाचू? 'आमच्या वाडीतील शेतकरी प्रामुख्याने कालव्याच्या पाण्यावर उसाचे पीक घेतात.' कालवा! डोंगरावर! उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी तुझी आई हंडा घेऊन खाली उतरते ना गं? मग हा कालवा कुणी आणला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. भावना तिकडे वळली.

"हसू नकोस प्रियांका. तुझं गाव आसनगावच्या पलीकडे, तिथेही ऊस. प्रज्वलकडेही ऊस. सगळ्या तालुक्यात ऊस लावून मोकळे झालात की रे तुम्ही! आता कारखाना तेवढा काढा आणि मला चेअरमन करा."

खरं सांगायचं तर भावनाला नुसता राग आला नव्हता, तिला फार लागलं होतं. ती ग्रामविकास शिकवायची. प्रकल्पाचा विषय तिने मुद्दाम सोपा दिला होता, 'माझ्या गावची शेती'. पुस्तक नको, लायब्ररी नको. ज्या बांधावर चालायला शिकलात तो बांध आठवा आणि लिहा. ती स्वतः आटगावजवळच्या भातवाल्या घरातली. पोरं काय काय लिहितील, कुणाच्या खाचराचं नाव काय असेल, हे वाचायची तिला हौस होती. हौसेने चहा करून ती वाचायला बसली, आणि पानापानांतून तेच गुळगुळीत मराठी, तीच 'हिरवीगार शेते', तोच मेला ऊस.

"मोबाईलमधल्या त्या एआयने लिहिलंय हे मला कळतं. मी काही कालची पोर नाही. पण सगळ्यांच्यात ऊस एकच आहे, म्हणजे हात एकाचा आहे. कोण बसून करत होतं हे? बोला! आता का दातखीळ बसली?"

मीना अजून उभीच होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"मी केला मॅडम," ती म्हणाली. "सगळ्यांचा मीच केला."

आणि नेमकं तेव्हाच दारात प्राचार्य उभे. वाल्मिक सर रोज या वेळी एक फेरी मारायचे, आणि भावनाचा आवाज पार ऑफिसपर्यंत जात होता. ते आत आले नाहीत. एवढंच म्हणाले, "काय म्हणाली ती मुलगी? सगळ्यांचे?" मग भावनाकडे बघून, "तास संपला की केबिनमध्ये या, मॅडम."

भावनाने मीनाला हाताने बस म्हणून सांगितलं आणि गठ्ठा उचलला.

वाल्मिक सर वाईट माणूस नव्हते. पोरांची फी थकली तर स्वतः बापाला फोन करून हप्ते पाडून देणारा माणूस. पण नवीन गोष्टीला ते घाबरायचे, आणि घाबरले की नियमाच्या आड जाऊन बसायचे. एआयबद्दल वरून सूचना आल्या होत्या, दुसऱ्या एका कॉलेजात त्यावरून पेपरात छापून आलं होतं, आणि सरांनी तेव्हाच धास्ती घेतली होती.

"बाकीच्यांना परत लिहायला लावा," ते म्हणाले. "मुलं आहेत, चुकतात. पण एकीने सगळ्या वर्गाचे करून दिले आणि वर कबूल केलं, मी माझ्या कानाने ऐकलं. तिचं नाव चौकशी समितीकडे जाणार. नाही पाठवलं तर उद्या मला विचारतील."

"सर, ती मुलींच्या वसतिगृहात राहते. चौकशी निघाली की तिथली जागा जाते. त्यांचा नियम आहे."

"मग तिने आधी विचार करायचा."

"जागा गेली तर कॉलेज संपलं सर तिचं. वाडीतून रोज येणं होत नाही. एसटी पायथ्यापर्यंतच येते, तीही मनात आलं तर. तिच्या वाडीतून बारावीच्या पुढे आलेली ती पहिली मुलगी आहे."

"मॅडम, मला काय यात आनंद होतोय?" सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हीच तर वर्गात जाहीर विचारलंत."

ते खरंच होतं. तिनेच विचारलं होतं, तेही असं ओरडून की व्हरांड्यातल्या माणसाने थांबून ऐकावं. एकटीला बोलावून हळू आवाजात विचारलं असतं तर पोरगी आज वाचली असती. स्कुटीवर घरी जाताना तिला स्वतःची इतकी चीड आली की आटगावचं वळण चुकून ती पुढे गेली आणि परत फिरून आली.

दुसऱ्या दिवशी तिने शेवटचा तास घेतला आणि वर्गाचं दार आतून लावलं. पोरं चोरासारखी बसली होती.

"मोबाईल काढा. बाकावर ठेवा." कुणी हलेना. "अरे, जप्त नाय करत. बघायचंय मला, तुम्ही हे करता कसं."

त्या 'नाय'ने वर्ग जरासा सैल झाला. मॅडम वर्गात नेहमी छापील बोलायच्या. 'नाय' त्यांच्या तोंडून क्वचितच निघायचं, आणि निघालं की त्या आपल्यातल्या वाटायच्या.

"प्रज्वल, तू कशाला वापरतोस?"

प्रज्वल उभा राहून मान खाजवायला लागला. तो वाशिंदला एका कंपनीत पॅकिंगला जायचा, दुपारपाळी संपवून घरी यायला त्याला उशीर व्हायचा. "धडा मोठा असला की त्याला बोलतो, छोटा करून दे. तेवढाच वाचतो. खोटं कशाला बोलू मॅडम, पूर्ण पुस्तक मी उघडलेलाच नाय."

"समजतं का छोटं केलेलं?"

"वाचताना समजतं. पेपरात नाय आठवत."

सगळे हसले, भावनाही हसली. मग बांध फुटल्यासारखी पोरं बोलायला लागली. प्रियांकाला इंग्रजीची भीती. शिक्षकांना विचारलं तर ते म्हणतात एवढं पण येत नाही का, मोबाईल तसं म्हणत नाही, कितीदाही विचारा. कुणी म्हणालं, सगळे करतात मग मीच का मागे राहू. एकजण म्हणाला, मॅडम, शेतीवर काय लिवायचं, शेतीतनं सुटायलाच तर कॉलेजात आलोय. हे शेवटचं भावनाला टोचलं, पण तिने ते मनात ठेवून दिलं. आज ऐकायला आली होती ती.

"आता तू, मीना. सगळ्यांचं तूच का केलंस? पैसे घेतलेस?"

"पैसं?" मीनाला हा प्रश्न इतका नवा होता की ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "पैसं कशाला घेऊ मॅडम? सावड व्हती."

भावना उभी होती ती खुर्चीत बसली.

सावड म्हणजे काय, हे या मुलुखात कुणाला सांगावं लागत नाही. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, एकट्या घराचे हात पुरत नाहीत. मग आज सगळे मिळून तुझ्या शेतात उतरतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, हिशेबाचं बोलणं नाही. पण ज्याच्याकडून सावड घेतली त्याची फेडायची म्हणजे फेडायची. न फेडणाऱ्याच्या शेतात पुढल्या साली कुणी पाय घालत नाही. त्याच्या घरच्या लग्नातसुद्धा माणसं जरा लांबच बसतात.

"माझा बाबा, कमळू, आषाढात झाडावरनं पडला," मीना सांगू लागली. "पाय मोडला. आई एकलीच. रोपं वाढून चाललेली. मी कॉलेजात रडत व्हते तं ह्या प्रियांकानं इचारला काय झाला. मग सगळी आली. रविवारी आली, पुढल्या रविवारी पण आली. आवणी पुरी करून दिली मॅडम. ह्या प्रज्वलला जळू चिकटली तरी हा उठला नाय."

"दोन चिकटल्या," प्रज्वल म्हणाला.

"मग माझ्यावर सगळ्यांची सावड चढली. मी बोलले, भात कापायला येतंय तुमच्याकडं. तं ही प्रियांका म्हणाली, तुला हॉस्टेलवरनं सोडतील का? त्यापेक्षा तुझ्याकडं वायफाय हाय, आमचा प्रकल्प करून दे. फिटली सावड."

आता यावर रागवावं की हसावं? भावनाला दोन्ही एकदम आलं, आणि वर डोळ्यांत पाणी. देवा रे, कॉपी करायलासुद्धा ह्यांनी पूर्वजांची रीत लावली! पुण्या-मुंबईच्या पोरांनी हेच पैसे देऊन केलं असतं. इथे एक पोरगी वसतिगृहातून निघायच्या बेतात आली होती, ती घेतलेलं फेडायला गेली म्हणून.

"आणि ऊस गो? ऊस कुठनं आला?"

मीनाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पयला माझाच लिवला मॅडम. आमच्या बोलीत. नागली, वरई, डोंगरउतारावरची वरकस जमीन कशी भाजतात, सगळा. मग वाटला, हा वाचून हसतील. पयल्या वर्षाला मी 'लिवला' बोलले तं हसली व्हती ना सगळी. म्हणून त्याला सांगितला, शुद्ध मराठीत कर. त्यानं केला. त्यात ऊस आला." ती थांबली. "मला वाटला, शुद्ध मराठीत शेती अशीच लिवतात."

कुणी हसलं नाही. प्रियांका बाकावरची रेघ नखाने कोरत राहिली. शाळेच्या पुस्तकांत या मुलीने जन्मभर ऊस, कापूस, द्राक्षंच वाचली होती, तिच्या वाडीतली नागली कधी एका ओळीत आली नव्हती. यंत्राने ऊस दिला तेव्हा तिला संशय यावा तरी कशावरून?

भावना प्रज्वलकडे वळली. "प्रज्वल, तुम्ही आवणीला गेलात, तेव्हा मीनाची आई काय करत होती?"

"चिमीमावशी? लावत होती."

"म्हणजे बांधावर बसून तुमच्यासाठी चहा उकळत नव्हती?"

"नाय ओ. सगळ्यात पुढं तीच. आमाला रोप कसं धरायचं ते तरी कुठं येत होतं? ती दाखवायची, आमी मागनं. जिचं शेत तिला उतरायलाच…"

तो बोलता बोलता थांबला. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"बोल की."

"कळलं मॅडम."

"मला नाय कळलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"अरे, शेत आपलं होतं नि आपण उतरलोच नाय," प्रज्वल चिडून मागे वळला. "मीना एकलीच लावत होती आणि आपण सगळे घरी."

भावनाने त्याच्या बोलण्यावर काही चढवलं नाही. पोराला जे स्वतःहून कळलं त्यावर मास्तराने परत पाणी ओतू नये, एवढं तिला नोकरीने शिकवलं होतं. पण प्रज्वल गप्प बसणारा नव्हता.

"पण मॅडम, पॉवर टिलर लावतात की शेतात. मशीनला मग काय बंदी?"

"बंदी कोण म्हणतंय? आमच्या घरीपण टिलर येतो. पण टिलर चालवणाऱ्याला शेजारी उभं राहून बांध कोण दाखवतं?"

"ज्याचं शेत तो."

"आणि नाय दाखवला तर?"

"बांध फोडून दुसऱ्याच्या शेतात जाईल."

"मग? गेला की नाही?" भावना म्हणाली. "पार कुणाच्या तरी उसाच्या फडात जाऊन थांबला."

यावर मात्र वर्ग खदखदून हसला. मीनासुद्धा ओढणी तोंडाला लावून हसली. भावनाने तिला हसताना बघितलं आणि तिला आठवलं, समितीचं अजून पोरीला नीट कळलेलं नव्हतं. ते तिने त्याच तासाला सगळ्यांसमोर सांगितलं, लपवलं नाही. मीनाचं हसू गेलं. ती बाकावर बसली आणि दप्तराचा पट्टा घट्ट धरून राहिली, जणू आताच कुणी ते हिसकावून नेणार होतं.

"आमी पण कबूल करतो ना," प्रियांका रडवेली झाली. "मीच तिला सांगितलं होतं. माझं नाव द्या."

"नावं देऊन कुणी वाचत नाही. काम दाखवायला लागेल."

वाल्मिक सरांशी भावना त्या संध्याकाळी तासभर भांडली. भांडली म्हणजे या खेपेला आवाज न चढवता, त्यामुळे सरच गांगरले. तिचं म्हणणं एवढंच होतं की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत द्या. सगळे प्रकल्प नव्याने, ज्याच्या त्याच्या गावात जाऊन, तिच्या डोळ्यांदेखत होतील. मग सरांनी स्वतः मीनाची तोंडी परीक्षा घ्यावी. मुलीला तिच्या प्रकल्पातलं येत नसेल तर नाव खुशाल पाठवावं.

"एकाच्या प्रकल्पात जरी पुन्हा उसासारखं काही निघालं," सर म्हणाले, "तर मी थांबणार नाही. आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"तुम्ही?" सर म्हणाले. "बरं, बघू."

मग सुरू झाली त्या वर्गाची खरी सावड. सुट्टी असेल तेव्हा सगळे एकाच्या गावात जायचे. ज्याचं गाव त्याने पुढे चालायचं आणि सांगायचं, बाकीच्यांनी विचारून विचारून त्याला भंडावून सोडायचं. प्रज्वलचा हात चित्रकलेत बरा, तो शेताचे नकाशे काढायचा. लिहायचं मात्र ज्याचं त्याने. अडला शब्द मोबाईलला विचारायला हरकत नाही, पण शेवटच्या पानावर कुणाकुणाची सावड घेतली ते लिहायचं, मोबाईलचीसुद्धा. आणि ज्याच्या गावात गेलं त्याच्याकडे भात कापायचा असेल तर विळा हातात घ्यायचा, हे कुणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप झालं.

सगळं काही गोडीगुलाबीत झालं नाही. प्रियांकाच्या गावात तिचीच फजिती झाली. घरचं शेत कुठलं ते तिला सापडेना. तीन वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती, आणि जिथे शेत होतं असं तिला वाटत होतं तिथे तारेचं कुंपण होतं. शेवटी तिच्या काकांनी येऊन दाखवलं. ती इतकी वैतागली की म्हणाली, मला नाय करायचा हा प्रकल्प, त्यापेक्षा एआय बरा, तो असा भर गावात लाज तरी काढत नाय. मग बांधावर बसून रडली. मीना तिच्याजवळ जाऊन बसली आणि काकांना एकेका खाचराचं नाव विचारत राहिली, विचारत राहिली, शेवटी प्रियांकाने डोळे पुसून पेन उघडलं.

सगळ्यांत शेवटी मीनाची वाडी. नागली कापणीला आली होती. कमळू ओट्यावर पाय लांब करून बसला होता, चिमीने सगळ्यांना नागलीची भाकर आणि कुळथाचं पिठलं वाढलं. मीना पुढे चालत होती आणि तिच्या बोलीत सांगत होती, भडाभडा, अडखळायचं नाव नाही. वर्गात जी पोरगी हजेरीला 'येस मॅडम' म्हणताना लाजायची ती हीच का, असं भावनाला वाटलं. कुणी हसलं नाही. उलट प्रज्वलला दोन शब्द समजले नाहीत तर त्याने ते तिला परत म्हणायला लावले.

"असाच लिही," भावना म्हणाली. "जसा बोललीस तसाच."

"आणि सर?"

"सरांचं मी बघते." असं ती म्हणाली खरी, पण कसं बघणार ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मीना केबिनमध्ये टेबलासमोर उभी होती, भावना बाजूला भिंतीपाशी. अख्खा वर्ग बाहेर व्हरांड्यात. समितीचा कागद सरांच्या पुढ्यात, मीनाचं नाव वर टाईप केलेलं, खाली सही तेवढी व्हायची होती.

सरांनी नागलीबद्दल विचारलं, तिने सांगितलं. वरकस का भाजतात विचारलं, तेही सांगितलं. मग त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. "'नकाशा प्रज्वलनं काढला. त्याच्याकडं भात कापला, सावड फिटली. जमिनीचं प्रकार प्रियांकानं समजावलं. तिच्याकडं भारं वाहिलं, सावड फिटली. मोबाईलमधल्या एआयनं दोन पानांतला अडला शब्द सांगितला. त्याची सावड फिटली नाय.'" ते थांबले. "हे काय? यंत्राची कसली सावड?"

"काम केला ना त्यानं सर, माझ्यासाठी."

"अगं, त्याचं फेडायचं नसतं."

"फुकाट कसा ठेवू?" मीना अगदी सरळ म्हणाली. "म्हणून मी त्याला नागली सांगितली. आमच्या बोलीत, पयल्यापासनं शेवटापरत. बोलले, पुढं कुठल्या वाडीतल्या पोरीनं इचारला तं ऊस सांगू नको."

भावनाला मध्ये बोलायची बंदी होती. तिने भिंतीला पाठ टेकली.

"मग?" सरांनी चष्मा काढला. "काय म्हणाला तो?"

"धन्यवाद म्हणाला. लय चांगला बोलतो तो. मग मी इचारला, पुढल्या आवणीला येशील का? तं म्हणाला, मला हात नाहीत." मीनाने जरा विचार केला. "म्हणून मी ठरवला सर. जो आपल्या शेतात येऊ शकत नाय त्याला आपला शेत द्यायचा नाय. अडला तं शब्द इचारीन. पण लावीन मीच."

वाल्मिक सरांनी खिडकीबाहेर बघितलं, मग त्या पानाकडे. मग समितीचा कागद उचलला, मधोमध फाडला, आणखी एकदा फाडला, आणि टोपलीत टाकला.

"माझी आई नागलीची भाकर करायची," ते म्हणाले. "जा. वसतिगृहावर वेळेत पोच. आणि मॅडम, मार्क मी नाही देणार, ते तुम्ही द्या."

दार उघडून भावना बाहेर आली. तिला हसायचं होतं, पण चेहरा काही तिचं ऐकेना. व्हरांड्यात सगळी पोरं श्वास रोखून उभी होती. प्रज्वलने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"नाक लाल हाय रे," तो पुटपुटला. "मेलो. गेली मीना."

प्रियांकाने तोंडावर हात घेतला. कुणाला पुढे व्हायचा धीर होईना. भावनाने बोलायचा प्रयत्न केला, पण तिचा तो प्रसिद्ध आवाज घशातच अडकला, आणि ती नुसतीच मान हलवत राहिली, हो म्हणून की नाही म्हणून ते कुणालाच समजेना.

तेवढ्यात तिच्या मागून मीना बाहेर आली. दप्तर खांद्याला लावलं, सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि विचारलं,

"आता रविवारी कुणाकडं जायचा? मॅडमकडचा भात अजून उभा हाय ना?"